अश्वशक्तीचा हिशेब

व्यापारी घरात आकड्याला मान असतो, परंतु तो आकडा कशाचा आहे हे विचारल्यावाचून कोणी त्याच्यापुढे मान तुकवीत नाही. उलाढाल कोटीची आहे एवढ्यावरून दुकान भरभराटीस आले असे आपण म्हणत नाही. येणे किती, देणे किती, गुदामात पडून राहिलेला माल किती, हे पाहिल्यावरच वहीचा खरा अर्थ लागतो. मोटारीच्या अश्वशक्तीचा आकडा मात्र आपण फार सहज खरा मानतो. तरुण मुले तर त्या एका आकड्यावर गाडीची सारी योग्यता ठरवतात आणि तो वाढवण्यासाठी लाख-दीड लाख रुपये खर्चण्यास तयार होतात.

कोल्हापुरात शाहूपुरीत आमचे मोटारीच्या सुट्या भागांचे दुकान आहे. तीस वर्षे गल्ल्यावर बसल्यामुळे कोणत्या गाडीचे काय झिजते हे सवयीने कळते. ज्या गाडीची क्लचप्लेट सात-आठ वर्षे सहज टिकावी, तिच्यासाठी एखादा तरुण वर्षात दुसऱ्यांदा येतो, तेव्हा विचारावे लागत नाही; इंजिनाची शक्ती वाढवून घेतलेली असते. शक्ती वाढवून देणारा पैसे घेऊन मोकळा होतो. पुढची बिले मात्र आमच्यासारख्यांच्या दुकानात फाटत राहतात. धंदा म्हणून मला त्यात तोटा नाही, तरी ती बिले फाडताना समाधान वाटत नाही.

गेल्या वर्षी हा प्रश्न माझ्या घरातच आला. माझे थोरले बंधू तीन वर्षांपूर्वी निवर्तले. त्यांनी २०१४ साली घेतलेली डिझेल स्विफ्ट आता त्यांचा मुलगा चालवतो. शिरोलीच्या औद्योगिक वसाहतीत त्याची नोकरी आहे आणि महिन्यातून एकदा तो आईला घेऊन आंबा घाटाने रत्नागिरीस तिच्या माहेरी जातो. बंधूंनी त्याच्या नावे ठेवलेली काही रक्कम माझ्याकडे विश्वासाने सोपवलेली आहे. त्या रकमेतून दीड लाख रुपये तो मागत होता. “काका, बाबांची गाडी मला विकायची नाही. पण घाटात तिचा जीव निघतो. एकशेवीस घोडे करून देणारा माणूस मिळाला आहे,” असे तो म्हणाला.

रक्कम त्याची होती. नुसते ‘नाही’ म्हणण्याचा अधिकार मला नव्हता. विचारण्याचा मात्र होता. कोणी दुकान वाढवण्यासाठी कर्ज मागितले तर आपण जे विचारतो, तेच मी त्याला विचारले: हा आकडा कशाचा, तो कुठे लागणार आणि वाढलेला भार आधी कोणाला पेलवणार नाही?

पहिल्या प्रश्नाचे उत्तर वाटते तितके सोपे नाही. मेट्रिक मापाने ७५ किलोचे पोते एका सेकंदात एक मीटर वर उचलण्याची शक्ती म्हणजे एक अश्वशक्ती, सुमारे ७३५ वॅट. जेम्स वॅटच्या हिशेबावर आधारलेली ब्रिटिश अश्वशक्ती सुमारे ७४६ वॅटची. कंपन्यांच्या पत्रकांत कधी हे माप असते, कधी ते. शिवाय पत्रकातील आकडा इंजिनाच्या दांड्यावरचा असतो. गिअरबॉक्स आणि बेअरिंगांतील घर्षणात साधारण दहा ते पंधरा टक्के खर्ची पडून उरलेली शक्ती चाकांपर्यंत पोहोचते. एका मापाने घेतलेला माल दुसऱ्या मापाने विकला की नफा-तोटा समजत नाही. तसेच एका ठिकाणचा पत्रकातील आकडा आणि दुसऱ्या ठिकाणचा चाकांवरचा आकडा यांची वजाबाकी करून ‘एवढे घोडे वाढले’ असे म्हणता येत नाही. मोजणी एकाच यंत्रावर, शक्यतो सारख्याच हवामानात, कामाआधी आणि कामानंतर झाली पाहिजे.

दुसरा प्रश्न गरजेचा. सपाट रस्त्यावर ताशी ६० किलोमीटरने जाण्यास अशा लहान गाडीला सहा-सात अश्वशक्ती पुरते, तर १०० च्या वेगाला विसाच्या आसपास लागते. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावरही मोटारींची कमाल मर्यादा १०० चीच आहे. चार माणसे बसवून घाटाचा पंधरास एक असा चढ ५० च्या वेगाने चढायचा म्हटले तरी पंचवीसच्या आत काम भागते. याचा अर्थ उरलेली शक्ती निरुपयोगी आहे असा नाही. मालमोटारीला ओलांडताना, वेग चटकन वाढवताना ती कामास येते. पण सर्वोच्च वेगाच्या लोभाने शक्ती वाढवणे हा फार महाग सौदा आहे. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाने आणि त्यासाठी लागणारी शक्ती वेगाच्या घनाने वाढते. म्हणून शक्ती २० टक्के वाढवली तर सर्वोच्च वेग जेमतेम ६ टक्के वाढतो.

वजनाचाही विचार करावा. पुतण्याची गाडी सुमारे ११०० किलोची. तिच्यावर नेहमी ११० किलोचे अनावश्यक ओझे असेल, तर ते उतरवणे म्हणजे सात-आठ अश्वशक्ती फुकट मिळवणे होय. त्याच्या डिकीत स्पीकरची भलीमोठी पेटी, अवजारे आणि जुने टायर होते, हे सांगितले पाहिजे.

आता त्या इंजिनाविषयी. फियाट कंपनीने विकसित केलेले १२४८ घनसेंटिमीटरचे हे डिझेल इंजिन आपल्याकडे अनेक गाड्यांत आले. स्विफ्टमध्ये ते ७५ अश्वशक्ती आणि १९० न्यूटन-मीटर फिरकी जोर देत असे, तर व्हिटारा ब्रेझात ९० अश्वशक्ती आणि २०० न्यूटन-मीटर. टाटांच्या व्हिस्टातही हे ७५ आणि ९० चे दोन्ही प्रकार मिळत. पण ९० साठी निर्मात्याने केवळ संगणकातील आकडे बदलले नाहीत; त्यात पाती हलवून झोताची दिशा बदलणारा निराळा टर्बो बसवला. जेथे निर्मात्याला ९० साठी एवढे करावे लागले, तेथे जुन्याच टर्बोवर १२० मागणे म्हणजे भांडवल न वाढवता पतीवर व्यापार दीडपटीहून अधिक वाढवण्यासारखे आहे.

घाटात गाडीचा जीव का निघतो, याचेही उत्तर कमाल आकड्यात नव्हते. हे इंजिन २००० फेऱ्यांना आपला पूर्ण जोर देते; त्या फेऱ्यांनाच ७५ पैकी सुमारे ५४ अश्वशक्ती हाताशी येते. त्याखाली टर्बो अजून पुरती हवा भरत नाही, म्हणून गाडी मरगळते. वळणावर तिसऱ्या गिअरमध्ये १४०० फेऱ्यांवर ती रखडत असेल, तर ४००० फेऱ्यांना येणारे एकशेवीस घोडे तेथे धावून येणार नाहीत. तेथे दुसरा गिअर हवा.

तिसऱ्या प्रश्नापाशी पुतण्या बराच वेळ थांबला. वाढीव शक्तीसाठी जास्त डिझेल जाळावे लागते. त्यातील साधारण एक तृतीयांश ऊर्जा कामी येते, बाकी उष्णता होऊन रेडिएटरवर आणि धुराड्याच्या वाटेवर पडते. हवा तेवढीच ठेवून डिझेल वाढवले तर काळा धूर येतो आणि टर्बो तापतो. स्वस्तात बसवले जाणारे काही डबे तर इंधनाचा दाब मोजणाऱ्या सेन्सरचा निरोपच बदलून संगणकाला फसवतात. खोटी जमा लिहून दिवस ढकलण्यातलाच हा प्रकार. क्लच १९० न्यूटन-मीटरच्या हिशेबाने घातलेला, म्हणून पहिला तोच घसरतो. आणि ब्रेक? ताशी ८० ऐवजी १०० वरून थांबायचे, तर ब्रेकना दीडपटीहून अधिक ऊर्जा जिरवावी लागते. घोडे वाढवण्याआधी लगाम पाहावा, हे सांगण्यास इंजिनिअर लागत नाही. शेजारच्या आसनावर वहिनी बसणार होत्या.

कायद्याचा हिशेबही मांडावा लागला. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील निर्मात्याने ठरवलेल्या मूळ तपशिलापेक्षा वेगळा होईल असा बदल मालकाला करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हे कलम कसोशीने पाळले पाहिजे असे बजावले. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने अनधिकृत बदलाबद्दल मालकाला दर बदलामागे ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही शिक्षा ठेवल्या. विमा कंपनीला न कळवता केलेला बदल अपघातानंतर उघड झाला, तर दावा अडकतो. तेव्हा मनात ठरवलेला आकडा परिवहन कार्यालयाला आणि विमा कंपनीला चालतो का, हे काम करण्याआधी लेखी विचारणे हाच शहाणपणाचा मार्ग.

एवढे झाल्यावर मी त्याला एकच सुचवले: नवे कर्ज काढण्यापूर्वी जुनी थकबाकी वसूल कर. कंपनीने दिलेल्या ७५ पैकी आज किती शिल्लक आहेत, ते तरी पाहू. पुण्यातील एका कार्यशाळेत चाकांवर शक्ती मोजली, तेव्हा यंत्राने ५२ दाखवले. नवी असताना ती गाडी तेथे साधारण ६४ दाखवती. म्हणजे बारा घोडे नुसतेच हरवले होते. शोध घेतला, तर टर्बोकडून इंजिनाकडे हवा नेणाऱ्या रबरी नळीला आतून चीर गेलेली होती, हवेची जाळी कोंदली होती आणि एक इंजेक्टर नीट फवारत नव्हता. इंजिनाचे कॉम्प्रेशन मात्र उत्तम होते. दुरुस्ती झाली, क्लचप्लेट, ब्रेकच्या तबकड्या आणि चारही टायर नवे घातले. त्याच यंत्रावर आकडा ६३ आला. सारा खर्च साठ हजारांच्या आत झाला, आणि त्यातला मोठा वाटा टायर-ब्रेकचा होता.

त्यानंतरच्या महिन्यात रत्नागिरीहून परतल्यावर वहिनी मला म्हणाल्या, “भाऊजी, गाडी पूर्वीसारखी चढते.” पुतण्या काही बोलला नाही, पण स्पीकरची पेटी पुन्हा डिकीत गेलेली नाही.

आपल्या घरांतील तरुणांना अशी हौस असेल तर तिला उधळपट्टी म्हणून झिडकारू नये, असे मला मनापासून वाटते. यंत्र समजून घेण्याची ओढ त्यात असते आणि ती ओढ पुढे उद्योगाला उपयोगी पडते. मात्र आकडा कामाआधी कागदावर लिहवून घ्यावा. कोणत्या मापाने, कुठे मोजलेला, कशासाठी हवा, हे त्याखाली असावे. निर्मात्याने त्याच इंजिनातून स्वतः जास्तीत जास्त किती घेतले आणि त्यासाठी कोणते भाग बदलले, ते शोधावे. शहाण्या उद्दिष्टाची वरची मर्यादा बहुधा तेथेच असते. ठरवलेल्या रकमेचा पहिला भाग ब्रेक, टायर आणि क्लचसाठी बाजूला काढावा. आणि आकडा गाठला की थांबावे. दर वेळी ‘आणखी पाच’ म्हणत जाणाऱ्यांच्या गाड्या रस्त्यापेक्षा गॅरेजात अधिक दिवस उभ्या असतात, हे मी दुकानातून रोज पाहतो.

उरलेले नव्वद हजार पुन्हा ठेवीत गेले. पुतण्याच्या मनातून ९० चा आकडा अजून गेलेला नाही, आणि तो जावा असा माझा आग्रहही नाही. पाती हलणारा टर्बो कितीला पडेल, सोबत आणखी काय बदलावे लागेल, याची यादी त्याने केली आहे. परिवहन कार्यालयास आणि विमा कंपनीस पत्रे पाठवली आहेत. उत्तरे येईपर्यंत ती यादी माझ्या गल्ल्यात आहे.