काचेआडची निवटी

आमच्या वसईत मासा विकत घ्यायचा तो कालवणासाठी, पाहत बसण्यासाठी नव्हे. त्यामुळे दोन वर्षांपूर्वी बोटाएवढा एक पिवळा मासा पिशवीतल्या पाण्यातून मी मुंबईहून घरी आणला आणि त्याची किंमत बोलून गेलो, तेव्हा आईने कपाळाला हात लावला. "अरे, ही तर निवटी! ओहोटी लागली की चिखलात उतरून आम्ही हातांनी धरायचो. फुकट!"

आई चुकत नव्हती. खाडीच्या चिखलात उड्या मारणारी निवटी आणि हा पाहुणा एकाच गोबींच्या गोतावळ्यातले. डोक्यावर उठून दिसणारे डोळे तेच, तळाशी टेकून बसण्याची सवय तीच. मात्र अंग ओले असेतो निवटी हवेतही श्वास घेऊ शकते. पश्चिम पॅसिफिकच्या प्रवाळांजवळ राहणाऱ्या माझ्या गोबीला ती विद्या नाही.

टाकीची सिद्धता हाच एक तपश्चर्येचा भाग होता. आमच्या किनाऱ्याचे पाणी गढूळ. म्हणून शुद्ध पाण्यात दर लिटरला सुमारे ३५ ग्रॅम तयार सागरी मीठ विरघळवले. पुढे सहा आठवडे माशांवाचूनच गेले. माशांच्या विष्ठेतून निर्माण होणाऱ्या अमोनियाचे विष पचवणारे जीवाणू वाळूत आणि दगडांत आधी रुजावे लागतात. पाण्याची वाफ होते, मिठाची होत नाही. सबब रोजची भर गोड्या पाण्याची घालायची. नवखा मनुष्य नेमके येथेच फसतो आणि खारट पाण्याला अधिक खारट करतो.

गोबीसोबत मी एक पिस्तूल कोळंबीही आणली होती. तिची एक नांगी दुसरीहून कितीतरी मोठी. ती मिटताच टाकीची काच तडकावी असा आवाज होतो. तो नांगी आपटल्याचा नसून पाण्यात निर्माण झालेला बुडबुडा मिटल्याचा असतो, हे संशोधकांनी २००० साली दाखवून दिले. एवढे शस्त्र बाळगणाऱ्या या कोळंबीला दिसते मात्र फारच अंधुक. दिवसभर ती वाळू उपसून बीळ खणते आणि गोबी दाराशी पहारा करतो. बाहेर येताना तिची एक मिशी सदैव त्याच्या अंगावर टेकलेली असते. धोका दिसला की तो शेपटी थरथरवतो. त्यासरशी ती आत. तो स्वतः आत शिरला, तर ती बाहेर येतच नाही. घर तिचे, डोळे त्याचे. निवटीला हसणारी आई हळूहळू जपमाळ आटोपून टाकीपुढे खुर्ची ओढू लागली.

गेल्या पावसाळ्यात एका रात्री मी काच पुसली आणि झाकण चार बोटे उघडे राहिले. गोबी उडी मारतो, हे मला पुस्तकावरून ठाऊक होते. निवटीच्या गावात राहून ते पुस्तकातून कळावे लागले, हेही खरेच. पहाटे टेबलाच्या पायाशी तो वाळून पडलेला आईला सापडला. तिने त्याला कागदावर उचलून ठेवले. मला एका शब्दानेही बोलली नाही.

त्यानंतर कोळंबीची मिशी बिळाच्या तोंडाशी यायची, इकडेतिकडे चाचपायची आणि परत जायची. आठवड्याने बिळाचे तोंडच वाळूने बुजले. असले बहुतेक मासे समुद्रातून पकडूनच बाजारात येतात. आणखी एका जिवाला काचेत आणण्याचे धाडस मला होईना. तसे मी आईला सांगितले.

"दोघांना आणलंस, तेव्हा हा विचार कुठं होता?" ती म्हणाली. "आता त्या आंधळीला एकटी ठेवून तू कसला पुण्यवान होणार?"

दुसरा गोबी आणला. दोन दिवस तो कोपऱ्यात दगडाआड दडून होता. तिसऱ्या दिवशी बुजलेल्या तोंडापाशी जाऊन बसला, आणि संध्याकाळी वाळू आतून हलली. आईने मला हाक मारली, तेव्हा मिशी त्याच्या पाठीवर होती.

झाकणाला मी आता बारीक जाळी ठोकून घेतली आहे. तरीही झोपण्यापूर्वी आई दाराची कडी पाहते आणि मग टाकीचे झाकण दाबून पाहते.