जुन्या रिव्हॉल्व्हरचे मोल

बीडजवळील पाली हे बिंदुसरा धरणाचे गाव. हा मुलूख १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता आणि अंबाजोगाईस, तेव्हाच्या मोमिनाबादेस, हैदराबाद कंटिन्जंटच्या घोडदळाची छावणी होती. छावणीमागून बाजार येतो आणि बाजारामागून पेढ्या. अशा मुलखातील एखाद्या जुन्या घरात वाटणीच्या वेळी पेटीच्या तळाशी नक्षीदार रिव्हॉल्व्हर निघाले, तर पहिला प्रश्न किमतीचा होतो. संग्राहक मोठी रक्कम देतात, हे सर्वांच्या कानांवर आलेले असते. परंतु व्यवहार जाणणारा माणूस किमतीपूर्वी दोन गोष्टी पाहतो: माल खरा आहे काय, आणि तो विकण्याचा आपल्याला अधिकार आहे काय.

टोपीचे रिव्हॉल्व्हर हे काडतुसापूर्वीच्या काळातील शस्त्र. फिरत्या नळकांड्याच्या प्रत्येक घरात पुढून दारू व शिशाची गोळी ठासावयाची आणि मागील टोकास तांब्याची लहान टोपी बसवावयाची. घोडा आपटला की टोपीतील स्फोटक पेटून दारूस आग लागे. सॅम्युएल कोल्ट याने अमेरिकेत १८३६ मध्ये रिव्हॉल्व्हरचे पेटंट घेतले. पुढे १८५३ ते १८५६ या काळात त्याचा लंडनलाही कारखाना होता. १८५७ च्या उठावात इंग्रज अधिकाऱ्यांजवळ कोल्ट आणि ॲडम्स या दोन्ही बनावटींची रिव्हॉल्व्हरे होती.

कोल्टच्या १८५१ च्या ‘नेव्ही’ रिव्हॉल्व्हरच्या नळकांड्यावर १८४३ मधील एका समुद्री लढाईचे चित्र आहे. ते तयार करणारा डब्ल्यू. एल. ऑर्म्सबी हा मूळचा बँकनोटांचा कोरक्या होता. बनावट नोट ओळखू यावी म्हणून नोटेवर बारीक नक्षी असते. नळकांड्यावरील चित्रानेही अस्सल मालाची खूण पटे. मात्र हे चित्र पोलादी साच्याने दाबून उमटविलेले असे. चौकटीवर व नळीवर हाताने कोरलेली वेलबुट्टी ही निराळी गोष्ट, आणि तिचे मोलही निराळे.

म्हणून जाणता संग्राहक झळाळीवर भुलत नाही. सुट्या भागांवरील क्रमांक एकमेकांशी जुळतात काय, नक्षी मूळचीच आहे की जुन्या शस्त्रावर मागाहून कोरलेली, पृष्ठभाग घासून नव्याने रंगविला आहे काय, हे तो भिंगातून पाहतो. घासूनपुसून चकचकीत केलेल्या वस्तूची किंमत वाढत नाही, घटते. घरच्यांनी प्रेमाने लावलेला पॉलिशचा हातच पुष्कळदा तिचे सर्वाधिक नुकसान करतो.

अधिकाराचा प्रश्न याहून कठीण आहे. १९५९ च्या शस्त्र कायद्यात जुनाट बनावटीच्या किंवा पुरातन मोलाच्या शस्त्रास सूट आहे. पण ते दुरुस्ती करूनही चालविता येणार नाही, अशा स्थितीत असले पाहिजे. येथेच पेच पडतो. संग्राहकास यंत्रणा शाबूत हवी असते आणि कायद्याची सूट मात्र निकामी शस्त्रालाच मिळते. शिवाय १९७२ च्या कायद्यानुसार शंभर वर्षांहून जुनी, ऐतिहासिक महत्त्वाची वस्तू पुरावशेष ठरते. तिच्या विक्रीच्या धंद्यास परवाना लागतो आणि खासगी व्यक्तीस ती परदेशी पाठविता येत नाही. लंडन-न्यूयॉर्कच्या लिलावातील आकडे वाचून येथील घराने हिशेब मांडणे म्हणूनच व्यर्थ होय.

व्यापारी घरांपुढे आणखी एक विचार असतो. श्रावकाच्या आचारात अनर्थदंडविरमण व्रत सांगितले आहे आणि त्यात हिंसादान, म्हणजे हिंसेची साधने दुसऱ्याच्या हाती देणे, वर्ज्य मानले आहे. जे शस्त्र अद्याप चालू शकते, ते केवळ जुने व सुंदर आहे म्हणून या नियमाबाहेर जात नाही.

तेव्हा अशी वस्तू सापडताच ती दलालाला दाखवू नये, चाप ओढून पाहू नये आणि पेटीत परत दडवूनही ठेवू नये. आत दारू भरलेली असू शकते. शंभर वर्षांनीही तिचा भरवसा धरता येत नाही. प्रथम वकिलाचा सल्ला घेऊन जवळच्या पोलीस ठाण्यात लेखी कळवावे. परवान्याविना ताबा बेकायदा ठरत असेल, तर शस्त्र तेथे जमा करून पावती घ्यावी. मग रीतसर परवाना मिळवावा किंवा शासनाच्या संमतीने ती एखाद्या वस्तुसंग्रहालयास द्यावी. विक्रीतून आलेला पैसा चार हिश्शांत वाटला जाईल. पण कागदपत्राविना ठेवलेल्या शस्त्राची जोखीम वारसांत वाटली जात नाही. ज्याच्या ताब्यात ते सापडते, त्यालाच ती एकट्याने सोसावी लागते.