गृहचौकशी

गृहचौकशीच्या फॉर्मवर सगळ्यात आधी भरून होतो तो घराचा रकाना. स्वतःचं की भाड्याचं, पक्कं की पत्र्याचं, नळ, संडास, वीज. आई किंवा वडील शिक्षा भोगून बाहेर येतात, बालगृहातलं मूल परत मागतात, तेव्हा बाल कल्याण समिती आम्हा सामाजिक कार्यकर्त्यांकडून सामाजिक तपासणी अहवाल मागवते. पुण्यात मी बरीच वर्षं हे काम करते आहे. माझं ठाम मत आहे की ही चौकशी पालक सुटल्यावर नाही, तर सुटायच्या काही महिने आधीच सुरू व्हायला हवी.

एक आई येरवड्याच्या महिला कारागृहात होती. आत गेली तेव्हा मुलगा कडेवर होता. सर्वोच्च न्यायालयाच्या २००६ च्या निकालानुसार मूल सहा वर्षांचं होईपर्यंतच आईजवळ तुरुंगात राहू शकतं. सहा पूर्ण झाली आणि त्याला बालगृहात पाठवलं. आई सुटली तेव्हा तो चौथीत होता.

सासरचं दार बंद झालेलं, म्हणून ती हडपसरला बहिणीकडे उतरली. खोली एकच, त्यात बहीण, मेहुणे आणि त्यांच्या दोन मुली. बहिणीने चहा ठेवला आणि स्वतःहूनच म्हणाली, "ताई, पोरगं आमचंच आहे. पण घरमालकाला कळलं तर आमचीच खोली जाईल."

अहवालासाठी शेजाऱ्यांनाही विचारावं लागतं. ज्यांना काही ठाऊक नाही, त्यांना आपणच सांगून बसलो असं होऊ शकतं. म्हणून मी तुरुंगाचा विषय काढतच नाही. शाळा, पाणी, वस्तीतली पोरं यांवर बोलते. हवं ते त्यातूनच कळतं.

आईला पोळीभाजी केंद्रात काम मिळालं होतं, पहाटेपासून दुपारपर्यंत. पगार तुटपुंजा. पण पैसा कमी म्हणून मूल आईपासून तोडायचं, हे मला मान्य नाही. कायदाही संस्थेला शेवटचा पर्याय मानतो. एकट्या पालकाच्या मुलाला बालसंगोपन योजनेतून महिन्याला २२५० रुपये मिळू शकतात. तो अर्ज मी लगेच भरून घेतला. खरा प्रश्न वेगळाच होता. सकाळी मुलाला उठवून शाळेत कोण पाठवणार? यावर बहीण आणि आई माझ्यासमोरच बराच वेळ बोलत बसल्या, आणि मावशीने ते अंगावर घेतलं.

मुलाशी बोलायला मी बालगृहात गेले. तो आधी गप्प होता. मग त्याने विचारलं, "ताई, तिकडे रात्री कुलूप कोण लावणार?" आईबरोबर राहायचं म्हणजे संध्याकाळी गिनती आणि बाहेरून कुलूप, एवढंच त्याच्या आठवणीत होतं. मी सांगितलं, आई आतून कडी लावेल. "आणि मला उघडता येईल?" येईल, म्हटलं. त्याचा विश्वास बसला नाही. पहिल्या भेटीला मावशीच्या खोलीत गेल्यावर त्याने स्वतः कडी लावून, काढून पाहिली. आई बाजूला उभी होती. त्याला जवळ घ्यायची घाई तिने केली नाही. मला तिच्याबद्दल जी खात्री वाटली ती तिथे वाटली, पासबुक बघून नाही. अहवालाला मी दोन पानं जोडून हे सगळं लिहिलं, कारण रकान्यात ते मावणारं नव्हतं.

मी केलेली शिफारस समितीने मान्य केली: वार्षिक परीक्षा होईपर्यंत मुक्काम बालगृहात, शनिवार-रविवार आईकडे, मे महिन्यात ताबा. हेच आई आत असताना ठरलं असतं, तर वर्षाच्या मध्यात ही ओढाताण झाली नसती. सुटकेची तारीख तुरुंगाला आधीपासून माहीत असते, बालगृहाला मुलगा माहीत असतो. या दोघांना जोडणारा माणूस वेळेवर नेमायला हवा.

आता मुलगा पाचवीत आहे. आईने जवळच खोली घेतली, अनामत हप्त्याने फेडते आहे. पाठपुराव्याला मी जात असते. सध्या अडलंय ते रेशनकार्ड. सासरच्या कार्डावरून नाव कमी करायला दीर कार्ड देत नाही, आणि नाव कमी झाल्याच्या दाखल्याशिवाय नवं कार्ड निघत नाही. त्यासाठी पुढच्या आठवड्यात तिच्याबरोबर परिमंडळ कार्यालयात जाणार आहे.