मोरीचा पाईप

गेल्या वैशाखात आमच्या कारापूरच्या घरातील मोरी तुंबली आणि घरात दोन पक्ष पडले. एका पक्षात आजोबा एकटे. दुसऱ्यात बाबा, आई आणि मी.

पाईप लोखंडी, जस्ताचा मुलामा दिलेला, 2 इंची. 1984 साली आजोबांनी तो स्वतः आटे पाडून बसवला. त्यापूर्वी मोरीचे पाणी उघड्या चरातून माडाच्या आळ्यात जाई. आता ते कुठल्याशा सांध्यातून झिरपत होते, आणि विहीर तेथून वीस पावलांवर! पावसाळ्यात काय होईल, याची आईला धास्ती. आजोबांचे मात्र एकच, "प्लास्टिक ते प्लास्टिक. बादलीचा कानसुद्धा वर्षभर टिकत नाही."

2012 साली खाणी बंद पडल्या तेव्हापासून बाबा असली कामे स्वतःच करतात. प्लंबरला द्यायला पैसे नाहीत म्हणण्यापेक्षा 'मला येते' म्हणणे त्यांना बरे वाटत असावे. साखळीच्या बाजारातून आम्ही पीव्हीसीचे पाईप, दोन एल्बो आणि सोल्यूशनची डबी आणली. जुने आटे पान्याला दाद देईनात. शेवटी हॅक्सॉने कापले. दोन ब्लेडे मोडली.

बाहेरून धडधाकट दिसणारा तो पाईप आत गंजाच्या गाठींनी इतका भरला होता, की माझी करंगळीदेखील जाईना. जस्त असते तोवर स्वतः झिजून लोखंडाला राखते, ते संपले की लोखंडाची पाळी, हे मी परीक्षेत लिहून गुणही मिळवले होते. पाहिले मात्र प्रथमच. आजोबांनी तुकडा उजेडाकडे धरला, फिरवला आणि काही न बोलता आत गेले. आमचा पक्ष जिंकला होता, पण मला काही आनंद झाला नाही.

थोड्या वेळाने ते आपली जुनी पाणसळ घेऊन आले.

"दहा फुटांना तीन इंच उतार द्या. मी तेव्हा कमी दिला होता."

इतकी वर्षे हे त्यांनी कोणालाच सांगितले नव्हते. बाबांनी मुकाट्याने पाणसळ घेतली.

संध्याकाळी पाणी सोडले, ते सुर्रकन गेले. भाताचे उकळते पाणी मात्र आईला आता निववून ओतावे लागते, कारण 80 अंशांच्या आसपास हा पाईप मऊ पडतो. त्यावरून ती अजून कुरकुरते. उन्हाने पीव्हीसी ठिसूळ होते असे मी सांगितले, तेव्हा बाहेरचा भाग रंगवायला आजोबाच बसले. चतुर्थीला खिडक्यांना लावून उरलेला हिरवा रंग होता. जुन्या पाईपचे चार तुकडे त्यांनी दोडक्याच्या मांडवाला पुरले आहेत.