भुऱ्याची चिठ्ठी

पावसाळा लागला की आलापल्लीत माणसांना मलेरियाची धास्ती आणि कुत्र्यांना गोचिडांची. आमच्या भुऱ्याने जेवण सोडलं तेव्हा बायकोने त्याचा ओठ वर करून पाहिला. हिरड्या पांढुरक्या पडलेल्या. बोटांच्या बेचक्यांत, कानांच्या आत गोचिडं टम्म फुगून बसली होती. दुसऱ्या दिवशी नाकातून रक्त आलं.

सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यावर आधी गाईबैलांचा आणि शेळ्यांचा हक्क. ते योग्यच आहे. ऐन रोवणीत बैल बसला तर अख्खं घर बसतं. डॉक्टरांनी ताप पाहिला आणि म्हणाले, “सर, रक्त तपासा. चंद्रपूरला न्या.” गाडी भाड्याने केली. आष्टी-गोंडपिपरीच्या रस्त्यावर सुरजागडच्या लोहखनिजाचे ट्रक, त्यात पावसाचे खड्डे. औषधाचा एक थेंब पोटात जाण्याआधीच खिसा निम्मा रिकामा झाला.

रक्तात एर्लिकिया निघाला, गोचिडांतून पसरणारा जिवाणू. चिठ्ठीवर पाच औषधं होती. दवाखान्याच्याच काउंटरवर त्यांची बेरीज पाहून मी परत आत गेलो आणि विचारलं, “डॉक्टर, यातलं बरं करणारं कोणतं?” त्यांनी न चिडता पहिल्या ओळीवर पेन ठेवला: डॉक्सिसायक्लिन. लेप्टोस्पायरोसिसला माणसांना देतात तेच. किलोमागे रोज 10 मिलिग्रॅम. भुऱ्या 20 किलोचा, म्हणजे 100 मिलिग्रॅमची कॅप्सूल सकाळ-संध्याकाळ, 28 दिवस. सहा पट्ट्या. माझ्या विनंतीवरून त्यांनी कंपनीऐवजी औषधाचं मूळ नाव लिहून दिलं.

आलापल्लीच्या मेडिकलवाल्याने चिठ्ठी वाचली. “पेशंट भुऱ्या, वय पाच?” हसत हसत त्याने बिलावरही तसंच लिहिलं. सगळ्या पट्ट्या काही शेकड्यांत आल्या. लिव्हरचं आणि रक्तवाढीचं सिरप मात्र कुत्र्याचं चित्र असलेल्या बाटलीत, आणि पैसा जातो तो तिथे. लिव्हरचं सिरप डॉक्टरांना फोनवर विचारून गाळलं.

पण पाचवी ओळ गाळता येईना. गोचिडांवरची चघळायची गोळी, एकच, दोन हजारांच्या घरात. तिचा असर बारा आठवडे टिकतो. ती दिली नाही तर भिंतीच्या फटींतल्या अंड्यांतून नवी गोचिडं निघणार, पुन्हा अंगावर चढणार आणि सहा पट्ट्या पाण्यात. स्वस्त औषध वाचवायला महाग औषध घ्यायचं, असा हा हिशेब.

कॅप्सूल रिकाम्या पोटी दिली की ओकारी होते, म्हणून भाताच्या गोळ्यात दडवायची. भुऱ्या भात चाटूनपुसून खायचा आणि कॅप्सूल नेमकी अंगणात ठेवायचा.

मार्च 2025 मध्ये केंद्राने जनावरांसाठी स्वस्त जेनेरिक औषधांची ‘पशु औषधी’ योजना मंजूर केली, 75 कोटींची. शेळ्या पाळणाऱ्या शेजाऱ्याला मी ती समजावून सांगत होतो. त्याचं लक्ष चघळगोळीच्या वेष्टणावर.

“हे केवढ्याची?”

सांगितलं.

“एवढ्यात तर पाठ येते न, सर!”