परिचारिकांची वकिली

वकिली हा आमचा धंदा. अशिलाची बाजू मांडायची आणि ती मांडताना तोंडाच्या वाफेवर नव्हे, पुराव्यावर विसंबायचे, एवढेच त्याचे मर्म. परिचर्येचे शिक्षण देणाऱ्या शाळांनाही हाच धंदा करावा लागतो, असे आम्ही म्हटले तर पुष्कळांना नवल वाटेल. परिचारिका म्हटली की खाटेशी उभी राहून डॉक्टरांच्या आज्ञेची वाट पाहणारी बाई, एवढेच चित्र आपल्या मनात असते.

1909 साली रमाबाई रानडे आणि गोपाळ कृष्ण देवधर यांनी पुण्यात सेवासदन उभे केले. तेथील विद्यार्थिनी परिचर्या शिकण्यासाठी ससून रुग्णालयात जात. शाळा एकीकडे, रुग्णालय दुसरीकडे, आणि दोहोंना जोडणारा धागा परस्परविश्वासाचा. या विद्यार्थिनींत विधवाही होत्या. परक्याच्या रक्तापुवाला शिवणे म्हणजे विटाळ मानणाऱ्या त्या समाजापुढे रमाबाईंना आधी आपली कैफियत मांडावी लागली. वर्ग भरवणे त्या मानाने सोपे.

आज परिचर्या महाविद्यालयांच्या अभ्यासक्रमात सामाजिक आरोग्याचा विषय आहे. विद्यार्थिनी खेड्यांत, वस्त्यांत जातात, मुलांची वजने घेतात, गर्भिणींचा रक्तदाब पाहतात, पिण्याचे पाणी कुठून येते ते विचारून वहीत टिपतात. एका घरात हगवण लागली तर घरची माणसे दैवाला बोल लावतात. पण एकाच विहिरीवरच्या दहा घरांत ती लागली, तर वहीतली ती नोंद पुरावा होते. तो घेऊन शिक्षिका ग्रामपंचायतीपुढे उभी राहू शकते. पण कित्येकदा होते असे की तुकडी येते, वह्या भरते, परीक्षेला निघून जाते आणि वह्या कपाटात पडतात. साक्षीदारांच्या जबान्या घ्यायच्या आणि निकाल मात्र द्यायचाच नाही, असाच हा प्रकार! शाळेने वर्षानुवर्षे एकच वस्ती धरावी आणि काय आढळले ते त्याच वस्तीत वाचून दाखवावे.

पण वाचायचे कुठे? सगळा गाव जिथे जमतो, त्या देवळाच्या आवारात. महाराष्ट्रातील 1950 च्या सार्वजनिक विश्वस्त कायद्याने वैद्यकीय साहाय्य हा धर्मादाय हेतूच मानला आहे. गोव्यातील देवस्थानांची 1933 ची नियमावली निराळी, आणि प्रत्येक देवस्थानाची घटनाही निराळी; मोठा खर्च करण्याआधी ती पाहावी हे खरे. मात्र आठवड्यातून एक दुपार अग्रशाळेची ओसरी उघडून द्यायला महाजनांना कोणते कलम आड येणार? सोवळे गर्भागाराचे, ओसरीवर कुणा म्हातारीचा रक्तदाब मोजल्याने ते भंगत नाही.

आरंभ जत्रेपासून करावा. महाप्रसादाला पंगती बसण्याच्या आठ दिवस आधी या मुलींना व त्यांच्या शिक्षिकेला बोलवावे, आरोग्य केंद्राच्या साहाय्याने विहिरीचे पाणी तपासून घ्यावे, आणि त्यांनी जे लिहून दिले असेल ते नोटीसफळ्यावर पूजेच्या वेळापत्रकाशेजारी लावावे.