पावसाशिवाय कांगा

परवा सोमवारच्या कॉलवर एक गंमत झाली. क्लायंटकडचा एक टेस्टर फिलाडेल्फियात बसतो. तो आणि मी असे दोघंच वेळेवर हजर होतो. बाकीची मंडळी येईपर्यंत काहीतरी बोलायचं म्हणून मी विचारलं, वीकेंड कसा गेला? तर म्हणाला, वडिलांशी भांडण झालं. कशावरून? हॉकीवरून!

हॉकी म्हटल्यावर मला आपला खडकीचा धनराज पिल्ले आठवला आणि मी मोठ्या उत्साहात ते नाव घेतलं. पलीकडे शांतता. मग माझी ट्यूब पेटली. ही बर्फावरची हॉकी.

भांडणाचं कारण ऐकण्यासारखं आहे. तिकडची एनएचएल नावाची लीग एरवी बंद हॉलमध्ये खेळते. पण नववर्षाच्या सुट्टीला एक मॅच मुद्दाम उघड्या स्टेडियममध्ये ठेवतात. तिचं नाव विंटर क्लासिक. पहिली 1 जानेवारी 2008 ला बफेलोमध्ये झाली, भर बर्फ पडत असताना. 2011 ला पिट्सबर्गमध्ये चक्क पाऊस आला, म्हणून दुपारी एकची मॅच रात्री आठला सुरू केली. 2012 ला ती याच्या गावात आली, पण 1 तारखेला नेमका रविवार. तिकडे रविवार म्हणजे अमेरिकन फुटबॉलचा वार, त्याच्याशी कोण पंगा घेणार? मॅच गेली 2 तारखेला. याच्या वडिलांचं डोकं तेव्हापासून फिरलंय. पुढे तर एक मॅच 31 डिसेंबर 2024 ला शिकागोत झाली आणि 2 जानेवारी 2026 ची मॅच ठेवली कुठे, तर मियामीला. म्हणजे हिवाळा नावालाच असलेल्या शहरात!

वडील म्हणतात, तारीख गेली की सगळं गेलं. मुलगा म्हणतो, तारखेचं काय घेऊन बसलात, सुट्टी असली आणि सगळे घरी असले की झालं. दोन्ही बाजू ऐकून मला हसू आलं. मी म्हटलं, बाबा रे, आमच्या मुंबईत हेच भांडण चालतं, फक्त बर्फाच्या जागी चिखल आहे.

तेवढ्यात मॅनेजर आला आणि आम्ही डिफेक्टच्या यादीकडे वळलो. पण विषय डोक्यातून जाईना. म्हणून हा लेख.

*

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. डॉ. होरमसजी कांगा हे पारशी डॉक्टर आणि क्रिकेटर, 1911 साली इंग्लंडच्या दौऱ्यावर गेलेल्या भारतीय संघात होते. त्यांच्या नावाने मुंबईत 1948 पासून कांगा लीग चालते, भर पावसाळ्यात, रविवारी. जगात सगळीकडे पाऊस आला की क्रिकेट थांबतं, आणि आपल्याकडे पाऊस यावा म्हणून एक लीग! कारण साधं आहे. ओल्या पिचवर चेंडू कसा थांबतो, कसा उसळतो, कसा सरपटतो, हे इंग्लंडला गेल्यावर कळण्यापेक्षा आझाद मैदानावर कळलेलं बरं.

पिच झाकत नाहीत. आउटफिल्डमध्ये गवत इतकं वाढतं की जमिनीवरून मारलेला फटका दहा-पंधरा पावलांवर जाऊन बसतो. एरवी कोच बोंबलत असतात की चेंडू खाली ठेव, आणि कांगात रन हवे असतील तर वरून मारावं लागतं. नव्वद रनांत मॅच जिंकता येते. मोठमोठे टेस्ट खेळाडू यात खेळले. सुनील गावसकर दादर युनियनकडून खेळायचे. वर ए डिव्हिजन, आणि खाली जी पर्यंत उतरंड. त्या उतरंडीच्या तळाशी, एफ डिव्हिजनमध्ये, विरारहून येणारा एक उजव्या हाताचा बॅट्समन होता. बरोबर ओळखलंत :-)

विरार ते चर्चगेट साठ किलोमीटर. आमच्या भागातल्या पोरांना हे अंतर नवीन नाही. पृथ्वी शॉ लहानपणी किट घेऊन वडिलांबरोबर विरारहून वांद्र्याला जायचा, ही गोष्ट आमच्याकडे प्रत्येक क्रिकेटवेड्या पोराला ऐकवली जाते, बहुतेक वेळा "बघ आणि तू!" एवढी शेपटी लावून. पहाटे उठायचं, आईने दिलेला डबा किटबॅगेत पॅडच्या मधे कोंबायचा आणि लोकल पकडायची. रविवारीसुद्धा किटबॅगवरून कोणीतरी बोलतंच, "ए भाई, सामानाच्या डब्यात जा ना." नायगाव सुटलं की खाडीचा पूल. त्या पुलावर दारात उभं राहिलं की पाऊस आडवा तोंडावर येतो. आम्ही तिथेच अंदाज बांधायचो. खाडीवर काळं दिसलं तर आज काही खरं नाही. पण परत फिरायची सोय नव्हती, कारण विरारला धो धो आणि चर्चगेटला लख्ख ऊन, असंही कितीदा झालंय. आणि उलटही.

मैदानावर पोचायचं. माळी पिचवर भुसा टाकत असतो. अंपायर छत्री घेऊन मधे जातात, बूट दाबून बघतात, परत येतात. अर्ध्या तासाने बघू. मग तासाने बघू. मग जेवून घ्या, बघू. तीन-साडेतीनला कळतं की आज काही नाही. ओली किटबॅग खांद्यावर टाकून पुन्हा साठ किलोमीटर. मेगाब्लॉक असेल तर विचारूच नका.

*

आता भांडण. पूर्वी लीग जुलैच्या सुरुवातीला सुरू व्हायची. पण मुंबईत जुलैत सरासरी 800 मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. पहिल्या फेऱ्या वाहून जातात. म्हणून काही वर्षी सुरुवात ऑगस्टपर्यंत ढकलली गेली, आणि दरवर्षी कोणीतरी म्हणतंच की पाऊस संपल्यावरच घ्या ना, म्हणजे पूर्ण मॅच तरी होतील. जुने लोक यावर भयंकर चिडतात.

गेल्या जूनमध्ये विरार स्टेशनबाहेर चहाच्या टपरीवर आमच्या क्लबचे जुने-नवे सात-आठ जण भेटलो आणि हाच विषय निघाला. आमचा जुना कॅप्टन, ज्याला आम्ही सगळे दादा म्हणतो, त्याचं म्हणणं, "पाऊस संपल्यावर खेळायला बाकी टूर्नामेंट कमी आहेत काय? कांगा ती कांगा." नवीन पोरांपैकी एक म्हणाला, "दादा, तुम्ही दादरला राहायचात. दहा मिनिटांत मैदान. मॅच नाही झाली तर घरी जाऊन झोपायचात. आम्ही सहा रविवार गेलो, दोन मॅच मिळाल्या. मी तर एकदाच पॅड बांधले." यावर दादा गप्प झाला. खरंच आहे ते. परंपरेचा खर्च सगळ्यांना सारखा येत नाही. जो लांबून येतो, त्याचा जास्त जातो. 2018 च्या जुलैत नालासोपाऱ्याला रूळ पाण्याखाली गेले आणि लोकल बंद पडल्या, तेव्हा आम्ही घराबाहेरच पडू शकलो नव्हतो. मैदानाची गोष्ट लांबच.

मग दुसऱ्याने शंका काढली, की ऑगस्टात ढकलली तर गणपती आडवे येतात. 2025 ला चतुर्थी 27 ऑगस्टला होती. आमच्या टीममधली निम्मी पोरं कोकणातली. त्या आठवड्यात बॅट्समन चिपळूणला, बोलर देवगडला, आणि विकेटकीपर एसटीच्या रांगेत! बरं, पाऊस पूर्ण संपायची वाट बघायची तर हवामान खात्याने 2020 मध्ये मुंबईतून मान्सून परतण्याची सरासरी तारीखच 8 ऑक्टोबर केली. पुढे दिवाळी, कॉलेजच्या परीक्षा. म्हणजे कुठूनही ओढा, चादर तोकडीच.

मला त्यांनी विचारलं, तुझं काय मत? मी चहा पीत बसलो. कारण माझं मत मला देता येईना.

*

इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला असताना एका रविवारी बाबा म्हणाले, आज मी येतो. बाबांना आठवड्यातून एकच सुट्टी, आणि ती झोपण्यात आणि बाजारहाटात जायची. क्रिकेटचं त्यांना वावडं नव्हतं, पण मैदानावर येऊन बसणं हा त्यांच्या लेखी श्रीमंती शौक. त्या दिवशी ते आले. इस्त्रीचा शर्ट घालून.

मॅच झाली नाही. अर्थात.

दहापासून तीनपर्यंत आम्ही क्लबच्या तंबूत बसलो. वरून पाणी गळत होतं. आईने दिलेली चपाती-भाजी दोघांनी खाल्ली. मी सारखा सॉरी म्हणत होतो, जणू पाऊस माझ्यामुळे आला. बाबा मात्र माळ्याशी गप्पा मारत होते. माळीही निघाला कोकणातलाच. दोघांची भातशेतीवर चर्चा सुरू झाली. परत येताना लोकलमध्ये मी वैतागून म्हणालो, "ही लीग ऑक्टोबरात ठेवायला काय होतं यांना?" बाबा म्हणाले, "भाताची लावणी कोण दिवाळीला करतं काय रे?"

मी तेव्हा ऐकून घेतलं. त्या वर्षीनंतर मी खेळणं सोडलं. प्रोजेक्ट, कॅम्पस, मग नोकरी. लोकांना मी सांगतो की वेळ मिळाला नाही. खरं कारण ते वाया गेलेले रविवार. बाबांनी मला खेळताना कधीच पाहिलं नाही. आता त्यांचे गुडघे जिना चढू देत नाहीत आणि मी स्क्रीनसमोर बसतो, त्यामुळे पुढेही पाहतील असं वाटत नाही. म्हणून अनेक वर्षं मी मनातल्या मनात लीग पुढे ढकलणाऱ्यांच्या बाजूने होतो. ऑक्टोबर असता तर मॅच झाली असती. बाबांनी पाहिली असती.

पण प्रामाणिकपणे सांगायचं तर मला आठवणारी माझी एकमेव इनिंग कांगातलीच आहे. चिखलात चौदा रन. जवळजवळ तासभर. एक चेंडू छातीवर आला, पुढचा घोट्याजवळून सरपटला. मी एकही चेंडू विश्वासाने खेळलो नाही, आणि आउट झालो नाही. कोरड्या पिचवर मी चाळिशी-पन्नाशी बऱ्याचदा केली, त्यातली एकही आठवत नाही. त्या चौदा रनांतला प्रत्येक रन आठवतो.

त्या सोमवारच्या कॉलनंतर रात्री जेवताना मी बाबांना फिलाडेल्फियाची गोष्ट सांगितली. त्यांना लावणीचं वाक्य आठवत नव्हतं. मी म्हटलं, "पण बाबा, लावणीची तारीख तरी कुठे ठरलेली असते? पाऊस लांबला की लावणी लांबते."

"लांबते ना," बाबा म्हणाले. "पण चिखल झाल्यावरच करतात."

झालं! पंधरा मिनिटांच्या टपरीवरच्या चर्चेत जे सापडलं नाही ते आमटी-भातावर सापडलं. लीग जुलैत सुरू झाली काय आणि ऑगस्टात झाली काय, कांगाचं काही बिघडत नाही. पाऊस स्वतःच तारखा बदलत असेल तर लीगनेही बदलाव्यात, आणि विरार-डहाणूकडून येणाऱ्या पोराचा विचार करून बदलाव्यात. पण ती पावसाच्या बाहेर काढली की उरतं ते फक्त नाव. पिट्सबर्गवाल्यांनी पाऊस आला म्हणून मॅच सात तास पुढे नेली, पण छपराखाली नेली नाही. ते मला पटलं. मियामीचं काही केल्या पटत नाही.

आज सकाळी कॉलच्या आधी फिलाडेल्फियाच्या मित्राला हे सगळं लिहून पाठवलं. त्याचं उत्तर आलं, की वडिलांना दाखवतो, पण भातशेतीचं उदाहरण त्यांना कळणार नाही.

असो. दोन दिवसांपूर्वी दादाचा फोन आला होता. पुढच्या सीझनला एफ डिव्हिजनमध्ये माणसं कमी पडतायत, रविवारी मोकळा आहेस का. मी बघतो म्हणालो. माळ्यावरून किटबॅग काढली तर पॅडच्या पट्ट्यांना बुरशी आली होती. धुवून गॅलरीत वाळत घातलीय. बाबा दोनदा येऊन बघून गेले.